दोष, असल्यास

पंचवटीतल्या मंगल कार्यालयात
चातुर्मास लागला, लग्नं बंद,
म्हणून लिलाव.
मागच्या भिंतीवर थर्माकोलचं 'शुभ' उरलंय,
'विवाह' कुणीतरी काढून नेलाय.
संडासाला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे,
मॅनेजर जेवायला.

मी चिठ्ठ्या डकवते, एक ते एकशेसात.
माजी नगराध्यक्ष कै. मुरलीधर कोठावदे
आणि सौ. (खोडून, कै.) अनसूयाबाई
यांच्या घरातल्या चीजवस्तू.
दोन मुलगे, एक कोर्ट:
विका, आणि निम्मे निम्मे घ्या.
म्हणून चष्म्यालासुद्धा नंबर आहे.
त्याचा स्वतःचा वेगळा,
माझा सव्वीस.

आमचे पोतनीस घसा खाकरतात.
चांदीची थापी, कोनशिलेची. सोळा हजार.
थापीला चुन्याचा एक डाग नाही.
फेटे अकरा, पेटीसकट.
कात्री, मखमली डबीत, नंबर बारा,
गेली सराफ बाजारातल्या एकाला.
तो वितळवणार, लपवतही नाही.

साहेबांच्या वस्तू एकेक करून जातात,
बाईंच्या ढिगाने.
पितळी डबे सात, झाकणं सहा.
हळदीकुंकवाच्या याद्या,
कोण आलं नाही त्यांच्यासुद्धा.

मग एक्केचाळीस.
यादीत नुसतं 'गोधडी, जुनी'.
मी आणि शिपाई दोन टोकं धरून उलगडतो
तर लाल, पिवळं, पुन्हा लाल, साटीन:
फिती.
फोटो निघाल्यावर पायाखाली जातात त्या.
बाईंनी उचलून आणलेल्या,
धावदोऱ्याने जोडलेल्या,
कडेला शाईने बारीक:
पाण्याची टाकी, ६१.
दवाखाना. पूल (लहान).
तीच टाकी, ६४.
हॉल हसतो.

तळाशी एक फीत अख्खी.
गोधडीच्या रुंदीत मावेना
म्हणून तीनदा वळवून शिवलेली.
इथे शाई जाड:
बायकांची मुतारी, भाजीबाजार. मंजूर.
पुढे सालापुरती जागा सोडलेली.

माझी आई त्या बाजारात मेथी विकायची.
पहाटे चारला अर्धा कप चहा,
मग दिवे लागेपर्यंत पाणी नाही.
मला तहानच लागत नाही, म्हणायची,
आणि आम्हाला ते खरं वाटायचं,
पुस्तकातल्या उंटाचं वाटतं तसं.
पुढे मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी विचारलं,
पाणी का पीत नव्हता तुम्ही?
ती लाजली.
साठीची बाई, लाजली.

बोली दोनशेवर अडते.
मला लावता येत नाही,
नियम नऊ, नोकरवर्ग.
मग मागून, गंगापूर धरणाकडच्या वायनरीचा माणूस:
पाच हजार.
टेस्टिंग रूमच्या भिंतीला मस्त दिसेल,
कलर्स बघ, शेजारच्याला सांगतो.
एक वार.
त्याचा फोन वाजतो.
दोन वार.
धाकटे कोठावदे पहिल्या रांगेत
मोबाईलवर भागाकार करतात: अडीच, अडीच.
तीन.

घडी घालताना त्या फितीवरून अंगठा फिरवला.
अजून कोरी, करकरीत.
सराफ पैसे भरायला गेलेला,
बारा नंबरची कात्री टेबलावरच होती.
नाही, तसं काही केलं नाही मी.

पावतीत एक रकाना असतो, 'दोष, असल्यास'.
आम्ही नेहमी रेघ मारतो.
मी लिहिलं:
एक फीत कापायची राहिली आहे.
सही केली, तारीख घातली
आणि मॅनेजरला शोधायला गेले,
किल्लीसाठी.
तो अजून जेवत होता.